"सिस्टम नहीं ले रहा" म्हणाले तर पुढे काय करायचं? इंदूरच्या मराठी घरांसाठी

लोकमान्य नगर म्हणा, सुदामा नगर म्हणा, मल्हारगंज म्हणा, सध्या सगळीकडे एकच विषय, "अगं तुझं समग्रचं केवायसी झालं का?" समग्र म्हणजे मध्यप्रदेश सरकारची कुटुंबांची नोंदवही, आणि केवायसी म्हणजे त्यातली आपली ओळख आधारशी पडताळून घेणं. झालं म्हणावं तरी कुणाचा योजनेचा हप्ता थांबलेला असतो, कुणाची पेन्शन अडकलेली असते, कुणाचं रेशनच्या यादीतून नाव गेलेलं असतं, आणि काउंटरवर विचारलं की एवढंच ऐकू येतं, "सिस्टम नहीं ले रहा, बाद में आना." हे ऐकून लोक गुपचुप घरी येतात. तसं येऊ नका. सिस्टीम का घेत नाहीये हे शोधता येतं, बहुतेक वेळा दुरुस्तही करता येतं, आणि नाहीच झालं तर लेखी कारण मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. सरकारात एआय आलं म्हणतात त्यातलं आपल्या वाट्याला येणारं मुख्य काम म्हणजे जुळवणी. एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीशी लावून बघायची, हा माणूस आणि तो माणूस एकच आहे का ते ठरवायचं, आणि जिथे शंका येईल तिथे खूण करायची. नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाईल असं सगळं किती सारखं आहे त्याचे सॉफ्टवेअर गुण लावतं, ठराविक रेषेच्या वर गेलं तर "एकच माणूस", खाली राहिलं तर "वेगळा माणूस". म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते हे लक्षात ठेवा. तुम्ही एकच असून तुम्हाला दोन समजलं जातं आणि पैसे अडकतात, किंवा तुमच्याच नावाच्या दुसऱ्या कुणाची गाडी, जमीन, नोकरी तुमच्या खात्यावर चढते आणि तुम्ही अपात्र ठरता. ही रेषा कुठे ओढायची ते माणसंच ठरवतात, ती काही निसर्गाचा नियम नाहीये.

आता आपल्या मराठी लोकांची नावं इथे जास्त का अडकतात ते बघा, कारण यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवायला पाहिजे. इंदूरात फॉर्म हिंदीत भरला जातो, ऑपरेटर हिंदी भाषिक, त्याच्या हाताला ळ ची सवयच नाही, त्यामुळे काळे चं काले होतं, होळकर चं होल्कर होतं. मग आपली नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही तीन तुकड्यांची पद्धत, पण फॉर्ममधे दोनच खणांची सवय, म्हणून मधलं नाव कधी पहिल्याला चिकटतं, कधी गळून पडतं. जुन्या पिढीचं तर विचारू नका. कागदावर गोविंदराव काळे, आधारवर गोविंद राव काले, बँकेत जी आर काळे, आणि पेन्शनच्या कागदात नुसतं गोविंद राव, म्हणजे तिथे राव हेच आडनाव होऊन बसलं आणि काळे गायब! आपल्याला वाचून लगेच कळतं की हा एकच माणूस, मशीनला कळेलच असं नाही. आणि ज्या घरांमधे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती तिथे आणखी पंचाईत, आमच्या ओळखीच्या एका काकूंचं मार्कशीटवर कुसुम आणि माहेरचं आडनाव, बँकेत वैशाली आणि सासरचं आडनाव, आणि एका योजनेच्या यादीत कुसुम आणि सासरचं आडनाव. तीन कागद, तीन बायका. जन्मतारीखही दोन ठिकाणी 1 जानेवारी, कारण त्या काळी विचारणाऱ्याने अंदाजाने वर्ष टाकलं आणि 1 जानेवारी लिहून दिलं.

तर पहिलं काम हे करा. एका संध्याकाळी घरातले सगळे कागद काढून बसा, मोठं पान घ्या, आडव्या ओळीत घरातली माणसं आणि उभ्या ओळीत कागद लिहा, आधार, समग्र, बँकेचं पासबुक, पॅन, रेशनची पात्रता पर्ची, मतदार यादी, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), मालमत्ता कराचं खातं. प्रत्येक खणात नाव जसंच्या तसं उतरवा, काना मात्रा स्पेसिंग सगळं, हिंदीतलं वेगळं आणि इंग्रजीतलं वेगळं. इंग्रजी स्पेलिंग बोलून लिहू नका, बघून अक्षर अक्षर लिहा, कारण देशपांडेच्या शेवटी ई आहे की आय आहे यावरही जुळणी फसू शकते. जन्मतारीखही तशीच. हे पान झालं की अर्धी गोष्ट डोळ्यासमोर येते.

दुसरं, कुठला कागद प्रमाण धरायचा ते ठरवा. सध्याच्या व्यवस्थेत तो आधारच आहे, कारण बाकी सगळं त्याच्याशी जुळवून बघतात. पण आधारला हात लावायच्या आधी दहादा विचार करा, कारण आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून आधार बरोबर असेल तर त्याला अजिबात हलवू नका, बाकीचे कागद त्याच्यासारखे करून घ्या. आणि आधारच चुकीचं असेल तर सगळ्यात आधी तेच नीट करा, पावतीवर टाइप केलेलं नाव तिथेच उभं राहून वाचा, ऑपरेटर घाई करत असला तरी वाचा. माझं स्पष्ट मत सांगते, ळ साठी आधार बदलायला जाऊ नका, आधारवर काले आहे आणि बाकी सगळीकडेही काले आहे तर राहू दे. घराच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर काळेच लिहा, आपलं आडनाव कुठे जात नाही. हक्काचे पैसे अडकण्यापेक्षा हे बरं.

समग्रचं आता. मध्यप्रदेशात प्रत्येक कुटुंबाचा 8 आकड्यांचा परिवार आयडी आणि प्रत्येक माणसाचा 9 आकड्यांचा सदस्य आयडी असतो, हे दोन वेगळे आहेत, फॉर्मवर अदलाबदल होते. बायकांच्या लाडली बहना योजनेपासून शाळेच्या स्कॉलरशिपपर्यंत बरंच काही याच्यावर चालतं. ई-केवायसी समग्रच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीने घरून करता येतं किंवा कियोस्कवर जाऊन. नावात किंवा तारखेत फरक निघाला तर विनंती मंजुरीसाठी नगर निगमकडे जाते, म्हणजे केवायसी "केलं" आणि केवायसी "झालं" यात अंतर आहे, रिक्वेस्ट नंबर लिहून ठेवा आणि मंजूर झालं का ते परत जाऊन बघा. मुलीचं लग्न झालं असेल तर तिचं नाव माहेरच्या परिवार आयडीतून सासरच्या आयडीत हलवलं का तेही बघा, आणि घरातलं कोणी वारलं असेल तर मृत्यूची नोंदही करून घ्या, नाहीतर कुटुंबाची माहिती चुकीची राहते आणि पुढची जुळवणी चुकीच्या पायावर होते.

बँकेत लोक इथे फसतात, "माझं खातं आधारशी लिंक आहे" आणि "माझं खातं डीबीटीसाठी सीडेड आहे" (म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात येतील अशी नोंद आहे) या दोन गोष्टी एक नाहीत. सरकारी पैसे आधार नंबरवर पाठवले जातात तेव्हा एनपीसीआय या पेमेंट चालवणाऱ्या संस्थेच्या यादीत त्या आधारसमोर जी बँक असेल तिथेच जातात, आणि एका आधारसमोर एकच बँक असते. मधे कधी नवीन खातं उघडताना एखाद्या डब्यावर टिक केली असेल तर पैसे तिकडे जायला लागतात आणि आपण जुन्या पासबुकात बघत बसतो. माय आधारच्या पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे बँकेचं नाव आणि चालू आहे की बंद ते दिसतं. दुसरी बँक दिसत असेल तर आधी त्या बँकेचं पासबुक भरून आणा, कधी कधी हरवलेले हप्ते तिथेच पडून असतात. त्याच पोर्टलवर ऑथेंटिकेशन हिस्ट्रीही आहे, मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कोणी कधी तपासलं, बोटाने की ओटीपीने की चेहऱ्याने, पास झालं की फेल, हे सगळं येतं. अंगठा जुळला नाही म्हणून परत पाठवलं असेल तर हा त्याचा पुरावा, प्रिंट काढून ठेवा.

आजी आजोबांच्या पेन्शनचं वेगळं लिहिते कारण तिथे चेहरा ओळखणारं एआय सरळ घरात आलंय, आणि खरं सांगायचं तर ही चांगली सोय आहे. जीवन प्रमाण, म्हणजे पेन्शनरांचा ऑनलाइन हयातीचा दाखला, 2014 पासून आहे, पण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीनवर अंगठा उमटत नाही, म्हणून 2021 पासून चेहऱ्याने करायची सोय आली. फोनवर जीवन प्रमाणचं फेस ॲप आणि सोबत आधार फेस आरडी ॲप लागतं, आधार, पीपीओ नंबर, पेन्शनचं बँक खातं हाताशी ठेवा. दिवसाउजेडी करा, खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा येतो. चष्मा काढा, डोक्यावरचा पदर किंवा स्कार्फ थोडा मागे घ्या, मागे दुसरं कोणी उभं नको, आणि सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या. बऱ्याच आज्या फोनसमोर पापणीच हलवत नाहीत, फोटो खराब होईल म्हणून, त्यांना आधीच समजावून सांगा. झालं की मोबाईलवर प्रमाण आयडी येतो, तो म्हणजे फक्त दाखला तयार झाला, पेन्शन देणाऱ्याने स्वीकारला का ते काही दिवसांनी पोर्टलवर बघायचं असतं, पीपीओ नंबर चुकीचा टाकला असेल तर इथेच कळतं. 80 च्या वरच्या केंद्रीय पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी कशाला. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चेहरा जुळतच नाहीये, अशा वेळी हट्टाने परत परत स्कॅन करू नका, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन करून देतो, आणि बँकेत कागदावर हयातीचा दाखला द्यायची पद्धत अजून जिवंत आहे. "आता ऑनलाइनच लागतं" असं कोणी म्हणालं तर ते लिहून मागा.

इन्कम टॅक्सवाल्यांनी ही जुळवणी सगळ्यात पुढे नेली आहे. बँकेचं व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, मोठी खरेदी, सगळं पॅनवर गोळा होऊन ॲन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंटमधे येतं. रिटर्न भरायच्या आधी ते उघडून वाचा, जॉइंट एफडीचं व्याज चुकीच्या माणसावर लागणं किंवा एकच रक्कम दोनदा येणं होतं, आणि प्रत्येक ओळीसमोर फीडबॅकची सोय आहे, "ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे", "डुप्लिकेट आहे" असं निवडता येतं. मला वाटतं प्रत्येक सरकारी यादीला अशी सोय पाहिजे, मशीनने काय जोडलं ते माणसाला दिसलं पाहिजे आणि तिथेच नाही म्हणता आलं पाहिजे.

कारण जिथे हे नसतं तिथे काय होतं ते जगाने पाहिलंय. तेलंगणात समग्र वेदिका नावाची प्रणाली आहे (आपल्या समग्रशी संबंध नाही), ती वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या नाव पत्त्यावरून जोडते, आणि तिच्यामुळे गाडी नसलेल्यांच्या नावावर गाडी दाखवून रेशन नाकारल्याची प्रकरणं समोर आली. रद्द झालेल्या कार्डांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2022 मधे कोर्टाने प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. ऑस्ट्रेलियात रोबोडेट झालं, तिथे मशीनने माणसाची वर्षाची कमाई घेऊन पंधरवड्यांवर सरसकट वाटून टाकली, म्हणजे जो सहा महिने बेकार होता आणि मग सहा महिने नोकरीला लागला त्याला वर्षभर कमावता धरलं आणि बेकारीचे पैसे परत मागितले, लाखो लोकांना अशी बिलं गेली, शेवटी पैसे परत करावे लागले आणि 2023 मधे चौकशी आयोगाने कडक शब्दांत अहवाल दिला. हॉलंडमधे मुलांच्या भत्त्यात फसवणूक शोधताना हजारो निर्दोष कुटुंबं कर्जात बुडाली, तिथल्या धोका मोजणाऱ्या मॉडेलमधे माणसाचं नागरिकत्वही गुणांमधे धरलं होतं, जानेवारी 2021 मधे तिथल्या सरकारने राजीनामा दिला. या सगळ्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाला कारण माहीत नव्हतं आणि लोकांना ते सांगितलं गेलं नाही.

म्हणून तुमचं अडकलं की कारण मागायचं, लेखी. क्रम असा ठेवा. आधी त्याच ऑफिसात एका पानाचा अर्ज द्या, आवक नंबर किंवा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. काम दाखल्यांचं असेल, उत्पन्नाचा, मूळ निवासीचा वगैरे, तर लोक सेवा केंद्रातून करा, मध्यप्रदेशने 2010 मधे लोक सेवा गॅरंटीचा कायदा केला, देशात पहिला, आणि पावतीवर शेवटची तारीख छापून येते, ती उलटली तर अपील करता येतं आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 पर्यंत दंड होऊ शकतो. मग 181, सीएम हेल्पलाइन. तक्रार एल वन पासून एल फोर पर्यंत, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याकडून वरच्याकडे, सरकते, पण मधे फोन येतो "आपका काम हो गया, बंद कर दें?" काम झालं नसेल तर सरळ सांगा, नहीं हुआ, संतुष्ट नहीं हूँ. भिडेखातर हो म्हणू नका, आपल्या लोकांना ही भीड फार, एकदा हो म्हटलं की तक्रार बंद. केंद्राचं काम असेल, पीएफ, पोस्ट, पीएम किसान, तर सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाका, तिथे 21 दिवसांचं बंधन आहे. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, तिथे ते मोठं पान घेऊन जा, समोरच्याला एका नजरेत कळतं कुठे अडलंय.

तरी नाहीच तर आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. फी 10 रुपये, बीपीएलला माफ, उत्तर 30 दिवसांत. इथल्या ऑफिसांना अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा लागतो, मराठीत चालत नाही. कायद्याच्या कलम 4(1)(डी) मधे स्पष्ट आहे की निर्णयाची कारणं बाधित माणसाला सांगायची, याचा उल्लेख करा आणि नुसतं "माझं नाव का कापलं" असं न विचारता तुकडे करून विचारा. माझं नाव यादीतून कोणत्या तारखेला आणि कोणत्या आदेशाने काढलं, त्या आदेशाची प्रत. माझ्या नोंदीची जुळवणी कोणकोणत्या खात्यांच्या माहितीशी केली. कोणत्या रकान्यात फरक निघाला. फरक किती असला की नाव काढायचं हा निकष कोणत्या परिपत्रकात आहे, त्याची प्रत. काढण्याआधी कोण्या कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष तपासणी केली का, केली असेल तर तिचा अहवाल. मला नोटीस दिली असेल तर तिची प्रत आणि पोहोच. नोटीस दिलीच नसेल तर उत्तरात ते कबूल करावं लागतं, आणि मग अपिलात तुमची बाजू भक्कम होते. फक्त स्वतःचीच माहिती मागा, दुसऱ्याची मागू नका, नवीन डेटा संरक्षण कायद्यामुळे आरटीआयमधला वैयक्तिक माहितीचा अपवाद आता आणखी कडक झालाय. त्याच कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्कही आहे, नियम नोव्हेंबर 2025 मधे आले आणि हा भाग 18 महिन्यांनी लागू व्हायचाय, तोवर आरटीआय हेच हत्यार. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, आणि मग 90 दिवसांत भोपाळला राज्य सूचना आयोगाकडे दुसरं.

हिंदीत लिहायला अवघड वाटत असेल तर सरकारचंच भाषिणी आहे, मराठीतून हिंदी करून देतं, बोलूनही चालतं. देपालपूर, सांवेरकडे शेती असणाऱ्यांना पीएम किसानचा किसान ई-मित्र चॅटबॉट मराठीतही उत्तर देतो. बाकीच्या एआय चॅटबॉटकडून अर्जाचा मसुदा करून घेतला तरी हरकत नाही, पण त्यात आधार नंबर, समग्र आयडी, खाते नंबर टाकू नका, तिथे फुल्या ठेवा आणि प्रिंट काढल्यावर पेनने भरा. आणि त्याने सांगितलेलं कायद्याचं कलम एकदा मूळ कायद्यात बघून घ्या, हे चॅटबॉट कलमं आत्मविश्वासाने चुकीची सांगतात.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची. ज्या घरी पेन्शन अडकलेली आहे त्याच घरी "पेन्शन विभागातून बोलतोय, चेहरा अपडेट करा" असे फोन येतात, आवाजही आता ओळखीच्या माणसाचा बनवता येतो. फोनवर ओटीपी द्यायचा नाही, पाठवलेली ॲपची फाईल टाकायची नाही, डिजिटल अरेस्ट (व्हिडिओ कॉलवरची अटक) नावाचं कायद्यात काहीही नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि काम झालं, नाव परत लागलं, की लोक सुटलो म्हणून थांबतात, पण मधल्या महिन्यांचे अडकलेले पैसे आपोआप येतीलच असं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज द्या, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचे हप्ते आले नाहीत ते लिहा, पासबुकाची झेरॉक्स, दुरुस्तीची पावती आणि आधीच्या अर्जांचे आवक नंबर जोडा, आणि चूक नोंदीत होती, पात्रतेत नव्हती, हे एका ओळीत स्पष्ट लिहा. पुढचे दोन तीन हप्ते खात्यात येतायत ना तेही बघत रहा, कारण एका यादीतली दुरुस्ती दुसऱ्या यादीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर जुनी चूक परत वर येऊ शकते.